मलप्रक्रिया केंद्र आपली खाडी आणि नदी कशी राखते? नवी मुंबई-ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबई आणि ठाणे परिसरातील रहिवासी, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि खाडीकाठच्या गावांतील मासेमार बांधव सांडपाण्याविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. तांत्रिक शब्द शक्य तेथे टाळले आहेत, आणि जेथे ते वापरावे लागले तेथे त्यांचा अर्थ सांगितला आहे.

नवी मुंबईतून मोठी नदी वाहत नाही. मग येथील केंद्रे नेमके कोणते पाणी राखतात?

प्रामुख्याने ठाण्याची खाडी आणि दक्षिणेकडे पनवेलची खाडी. ठाण्याची खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब असून तिचे उत्तरेकडचे टोक एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीच्या मुखाकडील पाण्याशी जोडलेले आहे. उल्हास सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करत ठाण्याच्या उत्तरेने वसईच्या खाडीला मिळते. अंबरनाथ आणि उल्हासनगर या शहरांमधून येणारी वालधुनी कल्याणजवळ तिच्यात सामावते. म्हणजे या पट्ट्यातील शहरांच्या महापालिका वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचे पाणी परस्परांशी जोडलेले आहे.

खाडीचा स्वभाव नदीपेक्षा वेगळा आहे, आणि या विषयातील बरेच काही त्यावर अवलंबून आहे. नदीत सोडलेली घाण निदान पुढे वाहून जाते. खाडीत मात्र ओहोटीबरोबर खाली गेलेले पाणी पुढच्या भरतीबरोबर बऱ्याच अंशी परत वर येते. ऐरोलीच्या उत्तरेला खाडी अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे तेथे सोडलेले सांडपाणी समुद्रापर्यंत पोहोचण्याआधी कित्येक दिवस मागेपुढे हेलकावत राहते. समुद्र जवळ आहे म्हणून घाण आपोआप निघून जाईल, हा समज या खाडीपुरता तरी चुकीचा आहे.

घरातील सांडपाणी सेंद्रियच असते. ते थेट खाडीत गेले तर असे काय बिघडते?

बिघडतो तो पाण्यातील प्राणवायू. सांडपाण्यातील अन्नकण, साबण आणि मैला यांवर जिवाणू जगतात आणि ते पचवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू लागेल, याच्या मापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच रोजच्या व्यवहारातील शब्दात बीओडी, असे म्हणतात.

याचा हिशेब घरगुती पातळीवर करून पाहता येतो. नागरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दरमाणशी दररोज 135 लिटर पाणी धरले जाते. चार जणांच्या कुटुंबाला 540 लिटर पाणी मिळाले, तर त्यातील साधारण 80 टक्के, म्हणजे 430 लिटरच्या आसपास पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. या पाण्याची बीओडी प्रतिलिटर 200 मिलिग्रॅम धरली, तर ते पचवण्यासाठी दररोज सुमारे 86 ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या उबदार, स्वच्छ पाण्यात प्रतिलिटर सुमारे 7 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. याचा अर्थ एका घराचे एका दिवसाचे सांडपाणी बारा हजार लिटरहून अधिक स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू संपवू शकते. प्रत्यक्षात हवेतून आणि भरतीच्या पाण्यातून प्राणवायूची भर पडत राहते, म्हणून खाडी एका दिवसात मरत नाही. पण लाखो घरांचा भार पडला की ही भर अपुरी पडते.

प्राणवायू प्रतिलिटर 4 मिलिग्रॅमच्या खाली उतरला की बहुतेक माशांना तेथे राहणे कठीण होते. जिताडा आणि कोळंबी आधी दिसेनाशी होतात. हवेतूनही श्वास घेऊ शकणारा निवटा मात्र चिखलात तग धरून राहतो. त्यामुळे निवटे दिसतात म्हणजे खाडी ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये. प्राणवायू पूर्ण संपला की वेगळ्या प्रकारचे जिवाणू ताबा घेतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. दिवाळे, सारसोळे, करावे येथील कोळी बांधवांना हा बदल कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी जाळ्यात कळतो, आणि त्यांच्या सांगण्याला अधिक वजन मिळायला हवे असे आम्हाला मनापासून वाटते.

केंद्रात या पाण्याचे नेमके काय होते?

सांडपाणी घराबाहेरच्या चेंबरमधून वाहिन्यांत आणि तेथून पंपिंग स्टेशनमार्गे केंद्रात येते. प्रथम ते जाड आणि मग बारीक जाळ्यांमधून जाते. येथे अडकणारा कचरा एकदा पाहिला की विसरता येत नाही: शाम्पूच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, कापडाच्या चिंध्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, देवाच्या निर्माल्याचे दोरे. त्यानंतर वाळू आणि बारीक खडी खाली बसवली जाते, कारण ती पुढे गेली तर पंपांची पाती झिजतात.

खरे काम त्यानंतरच्या मोठ्या टाक्यांत होते. नवी मुंबई महानगरपालिकेची केंद्रे ज्या पद्धतीवर चालतात, तिला सिक्वेन्शियल बॅच रिअ‍ॅक्टर, थोडक्यात एसबीआर, म्हणतात. यात एकाच टाकीत आळीपाळीने तीन गोष्टी घडतात. आधी टाकी भरत असतानाच तळाशी बसवलेल्या जाळीतून हवेचे बारीक बुडबुडे सोडले जातात. मग हवा बंद करून पाणी स्थिर ठेवले जाते, म्हणजे जिवाणूंचे पुंजके तळाशी बसतात. आणि शेवटी वरचे नितळ पाणी अलगद काढून घेतले जाते. असे एक चक्र सर्वसाधारणपणे तीन ते चार तासांचे असते, आणि एक टाकी भरत असताना दुसरी निवळत असते, त्यामुळे सांडपाण्याचा ओघ चोवीस तास घेता येतो.

टाकीतील मिश्रण चॉकलेटी तपकिरी रंगाचे असते आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. हा रंग आणि हा वास सुदृढ टाकीची खूण आहे. मिश्रण काळे पडू लागले तर हवा कमी पडते आहे, आणि पांढरा साबणासारखा फेस चढू लागला तर जिवाणूंची संख्या अपुरी आहे, असे अनुभवी ऑपरेटर लगेच ओळखतो. दररोज केली जाणारी एक साधी चाचणी तर कोणालाही समजेल अशी आहे. टाकीतील एक लिटर मिश्रण काचेच्या उभ्या मोजपात्रात भरून तीस मिनिटे न हलवता ठेवतात. सुरुवातीला सगळे पात्र गढूळ तपकिरी दिसते. काही मिनिटांत वरून एक स्वच्छ थर उतरू लागतो आणि खाली गाळाची सरळ रेघ स्पष्ट होते. अर्ध्या तासाने ही रेघ पात्राच्या खालच्या एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांश भागात आली आणि वरचे पाणी नितळ असले, तर टाकीची तब्येत उत्तम आहे. रेघ वरच अडकून राहिली, तर गाळ फुगला आहे आणि तो शुद्ध पाण्याबरोबर खाडीत जाण्याचा धोका आहे.

सर्वात शेवटी क्लोरिन देऊन रोगजंतू कमी केले जातात. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते मोठ्या संख्येने असू शकतात, म्हणून ही पायरी वगळून चालत नाही.

बीओडी कमी झाली म्हणजे काम संपले का?

नाही, कारण मूत्र आणि साबण यांतून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस उरतातच. ही दोन्ही वनस्पतींची खते आहेत. कल्याणच्या परिसरात उल्हास नदीवर उन्हाळ्यात हिरवीगार जलपर्णी पसरते, ती या खतावर पोसली जाते. जलपर्णी हाताने किंवा यंत्राने काढता येते, परंतु खताचा पुरवठा चालू असेल तर ती पुन्हा वाढते, हे दरवर्षी दिसतेच. याच नदीतून शहाड येथे पिण्यासाठी पाणी उचलले जाते आणि त्यातील काही ठाणे शहरालाही मिळते, त्यामुळे हा प्रश्न केवळ नदीच्या देखणेपणाचा राहत नाही.

सांडपाण्यातील अमोनिया पाण्यात गेला तर त्याचेही जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि त्यासाठी एक मिलिग्रॅम अमोनियारूपी नायट्रोजनमागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू वापरतात. म्हणजे बीओडी कमी करूनही अमोनिया तसाच सोडला तर खाडीवरचा भार उरतोच. एसबीआर टाकीत हवा चालू असताना अमोनियाचे नायट्रेट होते आणि हवा बंद असताना दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करून तो हवेत सोडतात. हे काम करणाऱ्यांपैकी पहिल्या गटातील जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. एखाद्या विषारी द्रव्याने ते मेले तर टाकी पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात.

बाहेर पडणारे पाणी पिता येईल का?

नाही. ते नितळ असते, परंतु पिण्यासाठी नसते.

पाणी पुरेसे शुद्ध झाले, हे कोण ठरवते?

1974 च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ केंद्राला संमतीपत्र देते आणि त्यात बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादा लिहिलेली असते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2017 मध्ये महानगरांसाठी बीओडीची मर्यादा प्रतिलिटर 20 मिलिग्रॅम आणि इतर भागांसाठी 30 मिलिग्रॅम ठरवली होती. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये ती अपुरी मानून 10 मिलिग्रॅमचा कडक निकष सांगितला. वरच्या हिशेबातील कुटुंबाकडे परत गेलो, तर 10 मिलिग्रॅमपर्यंत शुद्ध झालेल्या त्याच पाण्याला 86 ऐवजी साडेचार ग्रॅमहूनही कमी प्राणवायू लागतो. केंद्र खाडीसाठी जे करते, ते या दोन आकड्यांमधील अंतरात आहे.

एक अडचण येथे नमूद करायला हवी. बीओडीची चाचणी आपल्याकडे 27 अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवस चालते. म्हणजे आज बिघडलेल्या पाण्याचा अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी खाडीत जाऊन तीन दिवस झालेले असतात. म्हणून केवळ प्रयोगशाळेवर विसंबून न राहता टाकीतील प्राणवायू, पाण्याचा गढूळपणा आणि ती अर्ध्या तासाची गाळाची चाचणी यांवर रोजचे निर्णय घ्यावे लागतात.

नवी मुंबईत एवढी केंद्रे असूनही काही नाले काळे का दिसतात?

हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. बेलापूर, नेरूळ, सानपाडा, वाशी, कोपरखैरणे, घणसोली आणि ऐरोली येथील केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे 454 दशलक्ष लिटर आहे. कागदावर ही क्षमता दिलासा देणारी आहे. परंतु केंद्र फक्त तेच पाणी शुद्ध करू शकते, जे त्याच्यापर्यंत पोहोचते.

शहरात दोन स्वतंत्र जाळी आहेत. मलवाहिन्या केंद्राकडे जातात. पावसाळी नाले थेट खाडीकडे किंवा पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या धारण तलावांकडे जातात. उन्हाळ्यात, पाऊस नसताना, पावसाळी नाल्यातून करडे किंवा काळे पाणी वाहत असेल, तर कोठेतरी एखादी मलवाहिनी त्या नाल्याला जोडलेली आहे, फुटलेली आहे किंवा तुंबून ओसंडते आहे, असे समजावे. गावठाणांलगत वाढलेल्या इमारती, ज्या वस्त्यांना मलवाहिनीची जोडणीच मिळालेली नाही अशा वस्त्या, बाल्कनी बंदिस्त करताना वॉशिंग मशीनचा पाइप पावसाच्या पाण्याच्या नळीला जोडणारे घरमालक, आणि सेप्टिक टँक उपसून रात्री नाल्यात रिकामे होणारे टँकर ही त्याची नेहमीची कारणे आहेत. यातील वॉशिंग मशीनची गोष्ट अगदी सुशिक्षित सोसायट्यांमध्येही सर्रास दिसते. गच्चीवरून उतरणारी ती नळी पावसाळी गटारात जाते, हे बहुतेकांना माहीतच नसते.

नवे केंद्र उभारण्याच्या बातमीला जागा मिळते. जुन्या वाहिनीची गळती शोधून ती दुरुस्त करण्याच्या कामाला मिळत नाही. खाडीच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या कामाचे मोल अनेकदा अधिक असते.

पावसाळ्यात केंद्रावर काय परिणाम होतो?

नवी मुंबईचा बराच भाग भराव टाकलेल्या सखल जमिनीवर आहे. मोठ्या भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून सिडकोने खाडीकाठी धारण तलाव बांधले आणि त्यांच्या तोंडाशी भरतीचे पाणी आत येऊ न देणारी झडपेची दारे बसवली. ही व्यवस्था पावसाच्या पाण्यासाठी आहे, सांडपाण्यासाठी नव्हे. अडचण तेव्हा होते, जेव्हा रस्त्यावर साचलेले पाणी लवकर ओसरावे म्हणून कोणीतरी मलवाहिनीच्या चेंबरचे झाकण उचलते. पाणी झपाट्याने उतरते खरे, परंतु ते केंद्रात पोहोचते, टाक्यांतील जिवाणूंचे पुंजके वाहून नेते आणि वाहिनीत गाळ व प्लास्टिक भरून ठेवते. शिवाय उघडे चेंबर पाण्याखाली दिसत नाही आणि माणूस त्यात पडतो. झाकण उचलू नये. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाला कळवावे.

कारखान्यांचे सांडपाणीही याच केंद्रात येते का?

येऊ नये. औद्योगिक वसाहतींसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, म्हणजे सीईटीपी, वेगळी असतात. जड धातू, रंगद्रव्ये आणि द्रावके घरगुती केंद्रातील जिवाणूंना पचत नाहीत. उलट त्यांना मारतात. 2017 मध्ये तळोजा परिसरात निळ्या रंगाची भटकी कुत्री दिसली आणि त्यांची छायाचित्रे देशभर पोहोचली, तेव्हा कासाडी नदीतील औद्योगिक प्रदूषणाकडे सर्वांचे लक्ष गेले. कासाडीच्या काठी राहणारे लोक हे त्याआधी कित्येक वर्षे सांगत होते.

सांडपाण्यामुळे शैवाल वाढते आणि त्यावर फ्लेमिंगो जगतात, असे ऐकतो. मग पाणी शुद्ध केल्याने पक्ष्यांचे नुकसान नाही का होणार?

प्रश्न योग्य आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. लहान फ्लेमिंगो, ज्यांना मराठीत रोहित म्हणतात, प्रामुख्याने नीलहरित शैवाल आणि सूक्ष्म वनस्पती खातात, आणि खाडीत आलेल्या पोषकद्रव्यांमुळे हे खाद्य वाढले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. परंतु पोषकद्रव्ये आणि कच्चे सांडपाणी या एकच गोष्टी नाहीत. कच्च्या सांडपाण्याबरोबर रोगजंतू येतात, प्राणवायू संपतो आणि प्लास्टिकही येते. पोषकद्रव्यांचा काही अंश मात्र शुद्ध केलेल्या पाण्यातही उरतो. शिवाय खाडी फक्त एका पक्ष्याची नाही. 2015 मध्ये घोषित झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र असून त्यात कांदळवने मोठ्या प्रमाणात आहेत. तेथे चिंबोऱ्या, मासे, किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी असा मोठा संसार आहे. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. फ्लेमिंगो येतात म्हणून सांडपाणी सोडत राहावे, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.

उरलेल्या गाळाचे काय करतात?

वाढलेल्या जिवाणूंचा काही भाग सतत काढून टाकावा लागतो. तो यंत्रात फिरवून त्यातील पाणी काढले जाते आणि घट्ट गाळ उरतो. नीट कुजवला, वाळवला आणि त्यात जड धातू नाहीत याची तपासणी केली, तर तो बागांसाठी खत म्हणून वापरता येतो. ओला आणि न तपासलेला गाळ भाजीच्या वाफ्यात घालू नये, कारण त्यात जंतांची अंडी असू शकतात.

शुद्ध केलेले पाणी खाडीत सोडण्याऐवजी वापरता येत नाही का?

येते, आणि वापरलेही जाते. कोपरखैरणे आणि ऐरोली येथे प्रत्येकी दररोज 20 दशलक्ष लिटर क्षमतेच्या तृतीय स्तरावरील प्रक्रियेच्या सुविधा उभारल्या आहेत. तेथे आधीच शुद्ध झालेले पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून पुन्हा गाळून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योगांना देण्याची योजना आहे. उद्याने आणि रस्त्यांच्या दुभाजकांवरील झाडांनाही शुद्ध केलेले पाणी घालता येते. कारखान्यातील गरम पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरला पिण्याच्या दर्जाचे पाणी लागत नाही. उद्योगाने असे एक लिटर पाणी घेतले की तेवढे पाणी धरणातून कमी उचलावे लागते आणि तेवढीच पोषकद्रव्ये खाडीत जाण्यापासून वाचतात.

आमच्या सोसायटीचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया संच, आहे. तो चालवणे बंधनकारक आहे का?

होय. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणे ही त्या मंजुरीतील अट असते. घोडबंदर रस्त्यावरील आणि खारघर-घणसोलीतील अनेक मोठी संकुले यात मोडतात. विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की काही तासांतच टाकीतील प्राणवायू संपतो आणि सकाळी वास येऊ लागतो; मग वासाची तक्रार येते म्हणून संपूर्ण एसटीपीच बंद केला जातो. सर्वसाधारण सभेत तीन गोष्टी विचाराव्यात: ब्लोअर रोज किती तास चालतो, गाळ शेवटचा कधी काढला, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे.

घरातून आम्ही काय करू शकतो?

तळणीचे तेल बेसिनमध्ये ओतू नये. वाहिनीत ते थिजते, त्यावर चिंध्या आणि पॅड चिकटतात आणि वाहिनी तुंबते. तुंबलेली वाहिनी मोकळी करण्यासाठी माणसाला सुरक्षा साधनांशिवाय आत उतरवणे हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने प्रतिबंधित आहे, तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आपण काय ओततो याचा संबंध थेट कोणाच्या तरी जिवाशी आहे, हे घरातील प्रत्येकाला सांगावे. पॅड, डायपर, वेट वाइप्स कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावेत. उरलेला रंग, थिनर आणि मुदत संपलेली औषधे शौचालयात टाकू नयेत. औषधांचे अंश केंद्रात पूर्णपणे नष्ट होत नाहीत. वॉशिंग मशीनचा पाइप कोणत्या नळीला जोडला आहे, हे प्लंबरकडून एकदा तपासून घ्यावे.

नाल्यात किंवा खाडीत संशयास्पद पाणी दिसले तर तक्रार कशी करावी?

घरगुती सांडपाण्यासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आणि रासायनिक पाण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीत जागा, तारीख आणि वेळ, पाण्याचा रंग व वास, आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, हे नक्की लिहावे. छायाचित्र शक्यतो ओहोटीच्या वेळी काढावे, कारण तेव्हा खाडीचे पाणी मागे हटलेले असते आणि कोणत्या तोंडातून सांडपाणी येते आहे ते स्पष्ट दिसते. आधीचे चोवीस तास पाऊस झालेला नसेल, तर तसा उल्लेखही करावा. त्यामुळे ते पावसाचे पाणी आहे असे म्हणण्यास वाव राहत नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि त्याच जागेचे दुसरे छायाचित्र आठवड्याने जोडून पाठपुरावा करावा.